मानाची फ्लॉपी

१ फेब्रुवारी १९८८, सोमवार

आजपासून रोजनिशी. अधिकारी माणसाने ठेवावी. वही टाइम ऑफिसातलीच आहे, लेट-मार्कची. मागची पानं कोरी होती.

गुणाजी परब, कॉम्प्युटर इनचार्ज, सुयोग पंप्स, भांडुप. तीनदा लिहून बघितलं, तिन्ही वेळा चांगलं दिसलं. ३१ मार्चपर्यंत प्रोबेशन, मग कायम. ही नुसती फॉर्मॅलिटी आहे असं पर्सोनेलचे चंद्रप्रकाश साहेब स्वतः म्हणाले. एकोणीस वर्षं टाइम-कीपर होतो. गेटवर घाम पुसत लोकांचे उशीर लिहिले. आता एसी केबिन. अख्ख्या कारखान्यात एसी दोनच, एक मोठ्या साहेबांना आणि एक कॉम्प्युटरला. म्हणजे मला.

कॉम्प्युटर आल्यावर टाइम-कीपरची पोस्ट ठेवायची गरज नाही, ती कायमची रद्द करा, ही सूचना डिसेंबरात मीच लेखी दिली. साहेब खूश. युनियनचा राजीनामा दिला. कामगारांच्या रजिस्टरातलं माझं नावही मीच कापलं. लाल शाई, पट्टी लावून. शेजारी लिहिलं, 'अधिकारीवर्गात'. अक्षर झकास आलंय.

पहिलं मोठं काम आलं. फाउंड्री सिन्नरला जाणार. २१४ कामगारांची सिनिऑरिटी लिस्ट १५ मार्चला बोर्डावर लागायची. वरचे शंभर भांडुपला राहणार. बाकीच्यांनी सिन्नरला जायचं, नाहीतर घरी बसायचं. ही लिस्ट कॉम्प्युटरमधून निघाली की मी पक्का.

शकु कांबळे, आमची टायपिस्ट, म्हणाली, दोन दिवसांत स्टेन्सिल कापून देते की. मी फक्त हसलो.

२ फेब्रुवारी, मंगळवार

नवीन सिस्टिम बसली. जुनी डॉस दोन नंबरची होती, ही तीन नंबरची. बसवायला अंधेरीच्या कंपनीने इंजिनिअर पाठवली, अनुपमा. मुलगी! वय चोवीस. मी एकवीस दिवसांचा कोर्स केलाय, मुलुंडला. तिला सांगितलं. बरं म्हणाली.

जाताना तिने जुन्या सिस्टिमच्या सगळ्या फ्लॉप्या परत मागितल्या. यातली एकही आता मशिनला लावायची नाही, म्हणाली. अकरा होत्या. दहा दिल्या.

अकरावीची गोष्ट वेगळी आहे. गेल्या खंडेनवमीला लेथ, ड्रिल, ग्राइंडर सगळ्यांची पूजा झाली तेव्हा कॉम्प्युटरचीही केली. पेटीवर पाणी शिंपडायचं नाही म्हणाले. मग मशिनबरोबर आलेली पहिली फ्लॉपी पाटावर ठेवली, तिला हळद-कुंकू लावलं, लेबलवर स्वस्तिक काढलं. तेव्हापासून ती मानाची. आता देव परत करतात का?

सकाळचा नियम चालूच राहणार. साडेआठला चपला बाहेर. अगरबत्ती. मानाची फ्लॉपी घालून मशीन सुरू करायचं, SHRI टाइप करून डिस्कवर सेव्ह करायचं. मग फ्लॉपी काढून कपाटात, मशीन परत सुरू, आणि कामाला लागायचं. पाच मिनिटं जातात. माझ्या बापाने डोक्यावर श्री घातल्याशिवाय साधं पोस्टकार्ड टाकलं नाही.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

चाचणीला रजिस्टराच्या मधल्या पानांवरची ४३ नावं घातली. मशीन थिजलं. कुठलंही बटण दाबा, ढिम्म. बंद करून सुरू केलं, तर ४३ची २६ झालेली. त्यात शेवटच्या नावात चौकोन, बाण आणि एक हसरं तोंड. खंडू बेंद्रे सतरा वर्षं फाउंड्रीत आहे, त्याच्या जागी हसरं तोंड!

कारण सापडलं. व्होल्टेज. शॉपमधला ग्राइंडर सुरू झाला की दिवा मिणमिणतो. ग्राइंडर दशरथचा. दशरथ म्हणजे फिटर, युनियनचा सेक्रेटरी, आणि आमच्याच गावचा, खालच्या वाडीतला. त्याला सांगितलं, माझं काम चालू असताना ग्राइंडर बंद ठेव. म्हणाला, मेल्या, तुका कित्याक होयो हो साहेबपणा? गेटार होतस ता काय वायट होता? मत्सर. दुसरं काय!

९ फेब्रुवारी, मंगळवार

स्टॅबिलायझर बसला. तरी दोनदा थिजलं.

अनुपमा आली. डिस्क तपासली, कायकाय दुरुस्त केलं. विचारलं, दुसरी कुठली फ्लॉपी लावता का हो? मी म्हटलं, छे! खरंच आहे. मानाची ही काय दुसरी फ्लॉपी आहे? ती पहिली आहे.

तिने माझ्यासमोर ऐंशी नावं घातली. मशीन गपगुमान चाललं. ती गेली. सकाळी मी नेहमीसारखी सुरुवात केली, आणि दहा वाजता थिजलं. साला मशीनही माणूस बघून वागतंय.

(शेवटची दोन वाक्यं बुधवारी लिहिली.)

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

शकुच्या काचेच्या बांगड्या. त्यांच्यामुळे स्टॅटिक होतं, असं कोर्सला सांगितलेलं आठवतंय. तिला केबिनमध्ये यायला बंदी केली. म्हणाली, परब, मी तुमच्या केबिनमध्ये वाकून बघायलासुद्धा येत नाही, तिकडे कुडकुडायला होतं.

माझंही नाक गळतंय. घरी बायकोने, लताने, स्वेटर काढून दिला. भांडुपला फेब्रुवारीत स्वेटर घालणारा चाळीत मी एकटा. लोक बघतात. बघू देत.

१७ फेब्रुवारी, बुधवार

आत्तापर्यंत एकशेबारा नावं चार वेळा घातली. आज सकाळी उरली एकोणीस. त्यांतली सात एकाच माणसाची, दत्ताराम घाडी. सात दत्ताराम घेऊन मी काय करू?

निश्चय: भक्ती कमी पडते आहे. उद्यापासून SHRI एकदा नाही, अकरा वेळा. अकरा वेगळ्या फायली.

२२ फेब्रुवारी, सोमवार

अकराने फरक पडला. पूर्वी दहा वाजता थिजायचं, आता सव्वानऊलाच. म्हणजे काहीतरी हलतंय. एकवीस करतो.

अनुपमा परत आली. परत तोच प्रश्न, दुसरी फ्लॉपी? परत तेच उत्तर. मग म्हणाली, मी एक दिवस सकाळपासून बसते. मी म्हटलं, बाई, तुमचं वय काय, माझी सर्व्हिस काय. माझ्यावर वॉचमन बसवता? बॅग उचलून निघाली. अशांना वेळीच जागा दाखवावी लागते.

ती गेल्यावर चंद्रप्रकाश साहेबांना लेखी कळवलं की कंपनीने पाठवलेली इंजिनिअर अननुभवी आहे.

२९ फेब्रुवारी, सोमवार

चार वर्षांनी येणारा दिवस. मुद्दाम आज सुरुवात नव्याने केली. एकावन्न वेळा SHRI. पाऊण तास लागला. मग मशीन सुरूच होईना. काळा पडदा. वर एक रेघ लुकलुकते आहे, बस.

पंधरा दिवस राहिले. हे कुणाला सांगणार?

जेवताना लताने विचारलं, लिस्टमध्ये आपलं नाव कितवं? मी म्हटलं, अगं, लिस्ट कामगारांची. ऑफिसरचं नाव लिस्टमध्ये नसतं. म्हणाली, मग ऑफिसरचं नाव असतं कुठे? बायकांना ऑफिसची रचना समजत नाही.

४ मार्च, शुक्रवार

अनुपमाने डिस्क पहिल्यापासून सगळी साफ करून दिली. नावं शून्य. मी सहाव्यांदा घालायला बसलो. बोटं आपोआप चालतात. एक सीताराम नाईक, दोन गुणवंत साळवे, नाही, गुणवंत एकोणतिसावा. रजिस्टर बघावं लागतच नाही, आणि तिथेच चुका होतात.

डबा खाताना दशरथ बाजूला येऊन बसला. शॉपमध्ये लोकांचा जीव टांगणीला लागलाय म्हणाला. कुणाची पोरं दहावीला, कुणाची आई आजारी, कुणी सिन्नरला भाड्याची खोली बघून आला. म्हणाला, परबा, ह्यो खेळ न्हय रे. शकुक दी लिस्ट. मी उठून गेलो. तो बरोबर होता की नाही हा प्रश्न नाही. मला सांगायचा त्याला अधिकार काय?

९ मार्च, बुधवार

२१४ पूर्ण! सकाळच्या श्रीनंतर एका बैठकीत, संध्याकाळी पाच वाजता! एकटाच होतो, केबिनमध्ये टाळ्या वाजवल्या.

चंद्रप्रकाश साहेबांना सांगितलं. शनिवारी मोठ्या साहेबांसमोर प्रिंट काढायचा. युनियनलाही बोलवा, मीच म्हटलं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होऊ दे. साहेबांनी पाठीवर हात ठेवला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

निश्चय: शनिवारपर्यंत मशिनला हात लावायचा नाही. सकाळची सुरुवातसुद्धा नाही. सगळं साठवून शनिवारी, साग्रसंगीत.

१२ मार्च, शनिवार

लिहू की नको? लिहितो. इथे कोण वाचणार आहे?

अकरा वाजता मोठे साहेब, चंद्रप्रकाश साहेब, युनियनतर्फे दशरथ आणि दत्ताराम, दारात शकु. अनुपमालाही बोलावलं होतं, जरा शिकेल म्हणून. नारळ बाहेर फोडला. अगरबत्ती लावली. कपाटातून मानाची फ्लॉपी काढली, कपाळाला लावली आणि दोन्ही हातांनी मशीनमध्ये घातली. सुरू केलं. SHRI, पहिली फाइल. SHRI, दुसरी. मोठ्या साहेबांनी हात जोडले. मला वाटलं, जिंकलं!

नवव्या SHRIला अनुपमा म्हणाली, थांबा, हे काय आहे?

मी म्हटलं, ही फ्लॉपी नाही, ही मानाची आहे.

तिने ती काढली. बोटाला कुंकू लागलं, ते बघत राहिली. रोज लावता का, म्हणाली. मी म्हटलं, रोज, मधले दोन दिवस सोडून. किती वेळा लिहिता? मी म्हटलं, सध्या एकावन्न. ती स्टुलावर बसलीच.

मग तिने सगळ्यांना समजावलं. मला समजेल असं बोलली, हे तिचं चुकलंच. म्हणाली, एकाच मस्टरवर दोन टाइम-कीपर बसवले आहेत असं समजा. नवीन सिस्टिम नवीन नंबरांनी लिहिते. जुनीला ते नंबर वाचताच येत नाहीत, तिला वाटतं वही कोरी आहे, आणि ती मधेच लिहून मोकळी होते. तुमचा प्रत्येक श्री कुणाच्या तरी नावावर पडला.

नवीन सिस्टिमवर सुरू करून बघितलं. तीन दिवस नांदलेली २१४ नावं, राहिली अडतीस.

दशरथ हसेल म्हणून मी तयारीत होतो. हसला नाही. खाली बघत राहिला. ते जास्त लागलं.

मोठे साहेब शकुकडे वळले. किती वेळ लागेल? शकु म्हणाली, दोन दिवस. १ फेब्रुवारीलाही तिने हेच सांगितलं होतं.

१४ मार्च, सोमवार

काल रविवार असून शकु आली. मीही आलो, कारण रजिस्टर माझ्या अक्षरातलं. मी वाचायचं, तिने टायपायचं. स्टेन्सिलवर खटाखट. बांगड्या वाजत होत्या. मशीन थिजलं नाही.

अठ्ठावीस, काशीराम तांडेल. एकोणतीस, गुणवंत साळवे. तीस, सीताराम मोरे. पुढची ओळ लाल. पट्टी लावून कापलेली. गुणाजी परब, रुजू ३ मार्च १९६९, अधिकारीवर्गात. खरंच सुंदर अक्षर आहे.

मी थांबलो. शकुची बोटंही थांबली. तिला ठाऊक होतं तिथे काय आहे.

मी म्हटलं, एकतीस, दत्ताराम घाडी.

१५ मार्च, मंगळवार

लिस्ट बोर्डावर लागली. दशरथ अठ्ठावन्न. राहणार. खंडू एकशेसहा. सहा नावांनी गेला. बोर्डासमोर उभा होता तसाच राहिला. मी मागून निघून आलो.

कुणीतरी विचारलं, परब, तुमचं नाव? मी म्हटलं, आमचं वेगळं असतं.

३१ मार्च, गुरुवार

पत्र आलं. प्रोबेशन समाधानकारक नाही. कॉम्प्युटर सिन्नरला जाणार, तिथे तिथलाच माणूस घेणार. मूळ जागेवर परत घ्यावं तर 'टाइम-कीपरचे पद आपल्याच सूचनेनुसार कायमचे रद्द करण्यात आले आहे'. आपल्याच सूचनेनुसार हे शब्द खाली रेघ मारून. पत्र शकुनेच टाइप केलेलं. रेघ साहेबांची.

अनुपमाने शकुला चार दिवसांत मशीन शिकवलं. मशीन सिन्नरला जाईपर्यंत सकाळी शकुच बसते. बटण दाबते आणि काम सुरू करते. सतरा दिवसांत एकदाही थिजलं नाही.

मानाची फ्लॉपी घरी आणली. लताने विचारलं हे काय. काय सांगू? देव्हाऱ्यात ठेवली. तिने समई जरा बाजूला सरकवली, तिला जागा करून दिली. मला रडू आलं. तोंड धुवायला गेलो.

४ एप्रिल, सोमवार

दशरथ घरी आला होता. म्हणाला, अर्ज कर, बाकी मी बघतंय. पुन्हा कामगारांत घ्या म्हणून. मी विचारलं, एकतीस नंबर मिळेल? म्हणाला, नाय रे. नवीन माणूस धरतले. दोनशेपंधरा.

दोनशेपंधरा म्हणजे सिन्नर. एकोणीस वर्षं पुसली. पुसली कुणी, हे लिहायची गरज नाही, रजिस्टरात लिहिलेलंच आहे.

अर्ज हाताने लिहून शकुकडे नेला. केबिनच्या दारात चपला काढल्या, सवयीने. तिने वाचला. दोन ठिकाणी चूक दुरुस्त केली. म्हणाली, कॉम्प्युटरवर काढू की टाइपरायटरवर?

मी म्हटलं, टाइपरायटरवर. दोन कार्बन घाल.