चंद्राचा मागचा पाय

इंदूर, गुरुवार, माघ वद्य पंचमी

आजच्या धड्याची खरी किंमत म्हणजे जोशीचं मनगट आणि चंद्राची अब्रू.

दरबारची पागा मोडली तेव्हा चंद्रा ही घोडी माझ्याबरोबरच मध्यभारत सरकारच्या नोकरीत आली. आज जनावरांच्या डॉक्टरकीच्या पोरांना तिच्यावर खूर उचलायला शिकवत होतो. ती मागचा उजवा पाय सारखा वर घेत होती. त्या पोरांतला जोशी म्हणाला, "उस्ताद, हिचा पाय दुखतोय का?"

मी हसलो. "अरे भिया, मी नुसती टाप ऐकून दुखणं सांगतो. माशा आहेत, तू पकड."

त्यानं पकडला आणि लाथ बसली. मनगट धरून कळवळतानाही म्हणतो, "उस्ताद, माशी बडी होती!"

गलका ऐकून आमचे वरचे साहेब आले. "खतरनाक जनावर आहे. उद्या टांगेवाल्याला देऊन टाका." मी मान डोलावली. का डोलावली?

पोरं गेल्यावर तोच पाय मांडीवर घेतला. तिनं निमूट दिला. खुरात खडा रुतलेला, भोवती पू. उद्या साहेबांना सांगायलाच हवं, की घोडीची चूक नाही.

रोज सकाळी चारही खूर बघायचे, हा माझा पोरांना पहिला धडा. चंद्राचे खूर मी सोमवारपासून पाहिलेच नव्हते.