लवंगीचा सराव

धरणगाव, २ मे १९८८
लताचं लग्न वीस तारखेला. शिरपूरचे व्याही शालिग्रामभाऊ आज बोलणी पक्की करून गेले. जाताना म्हणाले, वरातीला बँड, घोडी आणि भरपूर फटाके. यशोदाने मला स्वयंपाकघरात बोलावलं. फटाके नकोत म्हणून सांगा, म्हणाली. का सांगू? मुलीच्या बापाने असलं सांगायचं? त्यात मी रिटायर्ड हवालदार. एकाहत्तरची लढाई केलेला. लढाईचा माझ्यावर काडीचा परिणाम नाही. झालं ते झालं. काळ पुढे जातो, माणूसही जातो.

३ मे, सकाळ
तरी थोडी प्रॅक्टिस बरी. भीती म्हणून नव्हे, शिस्त म्हणून. लवंगीचं पाकीट आणलं. प्लॅन असा: आधी लवंगी, मग सुतळी बॉम्ब, मग माळ. माणूस ठरवील तसा वागू शकतो. विल पॉवर.

३ मे, संध्याकाळ
वारा फार. प्रॅक्टिस उद्या.

५ मे
वारा नाही, पण ऊन फार. अशा उन्हात दारू आपोआप पेटते म्हणे. रिस्क नको.

८ मे
सुरुवात केली. मी ओट्यावर, यशोदा अंगणात. तिने एक लवंगी लावली. वाजली. मी त्याच वेळी खाटेखाली चप्पल शोधत होतो. यशोदा म्हणाली, चप्पल तुमच्या पायातच शे. असेल.
नंतर अंगात थंडी भरली. भर मे महिन्यात स्वेटर घालून बसलो. हल्ली हवामानाचं काही खरं नाही.

१२ मे
शेजारचे जीवराम मास्तर लढाईविरुद्धची एक कादंबरी वाचताहेत. त्यातला सैनिक घरी येतो, पण लढाई त्याला सोडत नाही. चौकात उभं राहून मास्तरांना समजावलं की हे सगळं लेखकांचं थोतांड. गडी दुबळा असणार. तेवढ्यात ट्रकचं टायर फुटलं.
मास्तर सांगतात, मी गटारीत पालथा होतो आणि "निंबा, डोकं खाली!" असं ओरडत होतो. निंबा आमच्या सेक्शनमधला, एरंडोलकडचा. लढाईत माझ्या शेजारीच होता. तिथेच गेला. त्याचा इथे काय संबंध? चौकात चिखल होता, पाय घसरला.
(यशोदा म्हणते, मेमध्ये कुठला चिखल.)

१९ मे
प्रॅक्टिस पूर्ण झाली असं घरात जाहीर केलं. पाकीट तसंच आहे, पण मनाची तयारी महत्त्वाची. यशोदा म्हणाली, मीच सांगते व्याह्यांना. एक शब्द काढायचा नाही, असं बजावलं.

२१ मे
कार्य पार पडलं. व्याहीभेटीचं तेवढं लिहितो.
मांडवाच्या दारात शालिग्रामभाऊंनी हात पसरले. मीही पसरले. मागे माळ पेटली. हसत उभं राहायचं असं मी पक्कं ठरवलं होतं. पण हातापायांनी मला विचारलंच नाही. शालिग्रामभाऊ फेट्यासकट जमिनीवर, मी त्यांच्या अंगावर, त्यांचं डोकं छातीशी दाबून. डिसेंबर होता. उसाचं शेत, धुकं. या वेळी निंबाला मी सोडला नाही.
मग खालून आवाज आला, "भाऊ, मी शालिग्राम शे. बठ्ठा फटाका सरी गयात."
खरं तर सरले नव्हते. त्यांनीच हाताने खूण करून थांबवले होते. उठायची घाई मात्र त्यांनी केली नाही. माझे हात सैल होईपर्यंत तसेच पडून राहिले. मग उठले, फेटा झटकला आणि मोठ्याने म्हणाले, "आमचे व्याही भेटतात बुवा जोरात!" मांडव हसला. लता हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

२२ मे, दुपार
लता सासरी गेल्यापासून घर मोकळं मोकळं. यशोदाला म्हटलं, फटाक्यांचं एवढं काय घेऊन बसलीस? खरा त्रास तुलाच आहे. दर दिवाळीला तुझं डोकं उठतं, म्हणून आपण माणसांपासून लांब मळ्यात जाऊन राहतो. इतकी वर्षं. मी कधी कुरकुर केली?
ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मन्हं डोकं कधी दुखेच नही."
मी तिच्यासमोर बसलो आणि तांदूळ निवडू लागलो.