मागच्या सीटवरची आत्या

१८ नोव्हेंबर, कर्जत

किती महिने इथे काही लिहिलं नाही. आळसच, दुसरं काय! आज लिहिते आहे, तेही मत्सराने.

दिवाळीच्या सुट्टीत गाडीने दऱ्या, घळी, शहरं फिरून आज परत आलो. मागच्या सीटवर मला मळमळतं, म्हणून मीच पुढे, ह्यांच्या शेजारी बसले. आमची पाच वर्षांची इरा मागे, सुमाआत्याच्या मांडीवर. घळीत उतरताना इरा घाबरली. मी हात पुढे केले, तर ती सुमाच्याच गळ्यात. आज खालापूरला सुमाला तिच्या घरी सोडलं, तेव्हा मी "ये गं" एवढंसुद्धा म्हटलं नाही.

दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. आत्या उतरल्यापासून रडणारी इरा अजून मुसमुसत होती.

"पोरीला आय नाय, आत्याच पायजे!" त्या हसल्या. मीही हसले. किती खोटं.

झोपताना इराने विचारलं, "आत्या रविवारी येणार ना?"

"तिला खूप कामं आहेत."

असं का म्हटलं मी? मागच्या सीटवर बसायला मला कुणी नको म्हटलं होतं? इरा भिंतीकडे तोंड करून झोपली.

उद्या: सकाळीच सुमाला फोन करून रविवारी राहायला बोलवायचं, मला आणखी एखादं कारण सुचायच्या आत.