पापण्यांवरचा कापूस

२ डिसेंबर २०२४, सोमवार

नाही, हे मी चालवून घेणार नाही!

बालमेळाव्याची पुस्तिका आज शाळेत आली. पान अकरा. कौसर, इयत्ता पाचवी. खाली कविता —

पांढरा पांढरा कापूस छान,
वाढवी माझ्या गावाची शान.

ही तिची नाहीच. तिची माझ्यापाशी आहे, तिच्या अक्षरात. तिचे वडील हैदरभाई नांदुऱ्यात गाद्या भरतात. तिने लिहिलं होतं —

अब्बाच्या पापण्यांवर कापूस बसतो.
संध्याकाळी ते म्हातारे होऊन घरी येतात.
तोंड धुतलं की परत माझे अब्बा.

दोन महिने मी या मुलांना एवढंच सांगतेय — पाठ केलेलं नको, पाहिलेलं लिहा. तिने लिहिलं. आणि आमच्या मुख्याध्यापकांनी, शेषराव सरांनी, तिचे अब्बाच काढून टाकले!

३ डिसेंबर

सरांना विचारलं. चिडले नाहीत, त्याचाच जास्त राग आला. म्हणाले, बिनयमकाच्या कविता परत येतात. त्यांनी यमक जोडून दिलं म्हणून पोरीचं नाव तरी छापून आलं. वर, "अन् मॅडम, तोंड धुतलं का कविता होते काय हो? मंग आमी रोजचेच कवी!"

ऑफिसातले सगळे हसले.

४ डिसेंबर

तक्रारीचा अर्ज तीनदा लिहिला, तीनदा फाडला. हा राग कौसरसाठी की माझ्यासाठी? कॉलेजच्या वार्षिकांकात माझीही कविता अशीच 'सुधारून' आली होती. मी तिथल्या सरांचे आभार मानले होते! अजून ते आठवलं की तोंड कडू होतं.

तरीही अर्ज दिला.

७ डिसेंबर

अर्जावरून केंद्रप्रमुख आले. शेषराव सर त्यांना म्हणाले, तीन ओळींची ती मॅडमनीच लिहून दिली असेल. मी!

तडक वर्गात गेले, कौसरला हात धरून ऑफिसात आणलं. दोन्ही कागद टेबलावर ठेवले.

"सांग, तुझी कोणती?"

तिने सरांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "दोन्ही."

केंद्रप्रमुख चहा पिऊन गेले.

मला तिचाही राग आला. इथे तरी खोटं लिहायचं नाही.

९ डिसेंबर

नांदुऱ्याला गेले होते. हैदरभाईंच्या दुकानात भिंतीवर पान अकरा चिकटवलेलं! राहवलं नाही. पर्समधला कागद काढून तिच्या तीन ओळी वाचून दाखवल्या. त्यांनी कापूस पिंजायचं मशीन बंद केलं. पापण्या खरंच पांढऱ्या.

"माह्यावर लिहिलं हे?" हात पुसत म्हणाले, "कागद मले द्या, मॅडम."

मग निघताना — "पण काऊन जी, दोन दिवसांपासून वही उशीखाली लपवून राह्यली पोरगी?"

लिहीत असेल, म्हटलं. नक्कीच लिहीत असेल! येताना बसमध्ये ठरवलं, पुढची कविता आली की थेट मीच पाठवणार, सरांच्या हाती द्यायचीच नाही. बघू कोण अडवतं.

११ डिसेंबर

मधल्या सुट्टीत कौसरने स्वतःहून वही आणून दिली.

झाडे लावा छान छान,
वाढवू आपल्या शाळेची शान.

खाली पेन्सिलीने — मॅडम, याच्यात यमक आहे. आता सरसंग भांडू नका.