प्रार्थनेच्या वहीनं केलेला घोटाळा

वसमत,
मंगळवार

ती. मनकर्णा आक्कास,

धाकटा भाऊ संतराम याचा प्रभूमध्ये सलाम. इकडं आम्ही सगळे (म्हणजे मी आणि तुझी मांजर) देवाच्या कृपेनं बरे आहोत. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे ते सविस्तर कळव. डॉक्टरनं सांगितलेला व्यायाम तू करत नाहीस आणि लेकीला 'केला' म्हणून सांगतेस, हे मला इथं बसून माहीत आहे. खरं तर फोनच केला असता, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि नांदेडात जावईबापूंपासून दूधवाल्यापर्यंत सगळे ऐकतात. मला जे सांगायचं आहे ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. चारचौघांत वाचलं गेलं म्हणूनच तर ही सगळी तकलीफ झाली आहे. म्हणून पत्र.

ऑपरेशनला जाताना तू म्हणाली होतीस, की संत्या, थोडे दिवस माझी संडे स्कूलची लेकरं सांभाळ, गाणी म्हण, गोष्ट सांग, प्रेमानं वाग, बाकी काही लागत नाही. त्याला आता सतरा रविवार झाले, मी मोजले आहेत. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, औंढ्याच्या यात्रेत पन्नासच्या गाडीत नव्वद माणसं घेतली, पण कधी घाबरलो नाही. आता शनिवार दुपार झाली की या बावीस लेकरांच्या धाकानं मी देवाकडं पाऊस मागत बसतो. तू इतकी वर्षं हे हसत कसं केलंस ते एकदा सांग.

मला एकच पद्धत येते, ती मी वापरली. लेकरांना दोन-दोन करून बसवलं, मोठी मागं, लहान पुढं, उलटी होणारी खिडकीपाशी (वर्गात कोणाला उलटी होत नसते हे नंतर ध्यानात आलं). दर दहा मिनिटांनी मोजणी. प्रार्थना सुरू करायला घंटी दोनदा, संपवायला एकदा. हे लेकरांना इतकं आवडलं की आता माझी प्रार्थना लांबली की कोणीतरी मधेच एक टोला देतं आणि मला थांबावं लागतं. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली तर पुजानं विचारलं, मेंढपाळ एकाला शोधायला गेला, तर बाकीची नव्व्याण्णव कोणापाशी ठेवली. चहाला उतरलेल्या एका माणसासाठी मी जन्मात कधी गाडी थांबवली नाही, त्यामुळं माझं मन त्या नव्व्याण्णवांकडंच होतं. तू काय सांगत होतीस ते लिही.

तर आता वहीचं. शेवटची पाच मिनिटं तू लेकरांकडून प्रार्थनेच्या विनंत्या घ्यायचीस आणि डोक्यात ठेवायचीस. माझ्या डोक्याचा भरवसा नाही, आणि जे लिहिलं नाही ते झालंच नाही असं समजून मी नोकरी काढली आहे. म्हणून दोनशे पानी वही आणली, रेघा मारल्या: अनुक्रमांक, नाव, विनंती, पूर्ण झाली का. लेकरं एकेक करून माझ्या कानात सांगायची आणि मी लिहून घ्यायचो. कानात काहून, तर त्यांना मोठ्यानं सांगायची लाज वाटायची, आणि मी त्यांना म्हणालो होतो, की हे तुमच्यात, माझ्यात आणि देवात राहील. हे वाक्य मीच बोललो होतो, दुसऱ्या कोणी नाही.

मंडळीतल्या आजारी माणसांच्या विनंत्यांची वही पाळकसाहेब उपासनेत वाचतात ना, तिचं कव्हर निळं. माझ्या वहीचंही निळं (दुकानात तोच रंग होता). तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी मी चष्मा शोधत व्यासपीठापाशी गेलो, हातातली वही तिथं टेकवली, चष्मा कपाळावर सापडला, त्या आनंदात वही तिथंच राहिली. पाळकसाहेब नवे, त्यांना अजून कोण कोणाचं ते पुरतं ठाऊक नाही. त्यांनी वही उघडली आणि मोठ्या भक्तिभावानं वाचायला सुरुवात केली.

पहिली विनंती, आमच्या आजोबांनी उपासनेत घोरू नये (मागच्या बाकावर घोरणं त्या वेळी चालूच होतं). दुसरी सेक्रेटरी भागवतरावांच्या नातवाची: आजोबा बायबलच्या कव्हरात गुटख्याची पुडी ठेवतात, ती देवानं काढून टाकावी. तिसरी पुजाची: आई आणि मोठी काकू एका गॅसवर स्वयंपाक करतात पण बोलत नाहीत, त्यांनी बोलावं, म्हणजे मला निरोप नेत बसावं लागणार नाही. चौथी, पाळकसाहेबांचा उपदेश लवकर संपावा. ही मात्र वाचताना अर्ध्यावर त्यांनी आवाज बारीक केला. मंडळी सवयीनं प्रत्येक विनंतीला आमेन म्हणून राहिली होती. मी उठलो, पण बाकाच्या फटीत माझी चप्पल अडकली, आणि चप्पल सोडून पळायचं मला त्या घडीला सुचलं नाही.

पाचवी निलमची होती. शिरड शहापूरहून आजीबरोबर येते ती आठ वर्षांची पोरगी, तुझ्या मांडीपाशी सरकून बसायची. तिनं सांगितलं होतं, आई भांडून कनेरगाव नाक्याला मामाकडं गेली आहे, ती परत यावी, आणि बाबानं मोरीत जाऊन रडणं बंद करावं. तिचा बाप तिसऱ्या बाकावर बसला होता. मंडळी याही विनंतीला आमेन म्हणाली. तो खाली मान घालून उठून गेला, आणि त्याच्या मागं निलम गेली. जाताना तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं.

बाकीच्यांचं तू मनाला लावून घेऊ नको. भागवतराव दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी दारात उभे. मला वाटलं आता राजीनामा मागणार, मी तो लिहूनच ठेवला होता. ते म्हणाले, पुडी सुटली, सुनेनं बायबलचं कव्हरच काढून ठेवलं. पुजाची आई आणि काकू आता बराबर बोलतात (मुख्यतः माझ्याविषयी). उपदेश सात मिनिटांनी कमी झाला. पण निलम आली नाही. एक रविवार नाही, दुसरा नाही, तिसरा नाही. मोजणी केली की एकवीस भरतात, पुन्हा केली तरी एकवीस.

आक्का, लेकरानं घरातलं दुखणं विश्वासानं माझ्या कानात सांगितलं आणि मी ते साऱ्या मंडळीला ऐकवलं. आता ती कोणाला काही सांगेल का, देवाला तरी सांगेल का, याची मला फार भीती वाटते. गाणी चुकली तर चालतात, गोष्ट अर्धी राहिली तर पुढच्या रविवारी सांगता येते, पण हे कसं दुरुस्त करायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

शेवटी काल शिरडला गेलो. गाडी रिकामी असून सवयीनं दारातच उभा राहिलो. तिची आजी, नर्मदाबाई, अंगणात हळद वाळत घालून राहिली होती. मला पाहताच निलम घरात पळाली आणि दारामागं उभी राहिली. नर्मदाबाई म्हणाली, "दादा, तुमी काहून इतकं जिवाला लावून घेता, लेकरू हाय, इसरंल." मी उंबऱ्याच्या अलीकडं बसलो, पोरगी दाराच्या पलीकडं. एकसष्ट वर्षांच्या माणसानं आठ वर्षांच्या पोरीची माफी कशी मागावी ते कळेना, म्हणून जसं सुचलं तसं बोललो. कानातलं लिहून ठेवलं ही एक चूक, वही सांभाळली नाही ही दुसरी, आता लिहिणार नाही. मग तिनं विचारलं, "वही फाडली का?" मी म्हणालो, व्हय. (फाडली नव्हती, घरी येऊन फाडली. हे तुझ्यापुरतं ठेव.)

तर आक्का, मुद्द्याचं हे, की मला हे जमत नाही. तू ये. काठी घेऊन ये, खुर्चीत बसून शिकव, खुर्ची मी उचलतो. लेकरांना तूच पाहिजेस, मंडळीतही असंच म्हणतात (कोण म्हणतात ते विचारू नको). मी मागं बसून मोजणी करीन. लेकीला, जावईबापूंना सलाम.

तुझा घाबरलेला भाऊ,
संतराम

ता. क. एक राहिलं. शिरडहून निघताना निलमनं दाराच्या फटीतून एक चिठ्ठी सरकवली. कागदाच्या चार घड्या, कडेला भाताची शितं लावून चिकटवलेली. म्हणाली, "ह्यात माझी विनंती हाय. उघडू नका. देवाला बंद असली तरी वाचता येते." आईचंच काही असेल का, बापाचं असेल का, की माझ्यावर राग आहे, काही कळत नाही. कालपासून खिशाला हात लावून लावून खिसा मळला. शितं वाळून एका बाजूनं सुटत आली आहेत. मी उघडीन अशी मला भीती वाटते, म्हणून या पत्रासोबत ती तुझ्याकडं पाठवतो. पेटीत ठेव.

ता. क. दुसरा. लिफाफा चिकटवण्याआधी तिला विचारलेलं बरं, म्हणून आत्ता नर्मदाबाईच्या फोनवर फोन लावला. म्हणालो, चिठ्ठी आमच्या आक्कापाशी ठेवली तर चालंल का. पोरगी म्हणाली, "मनकर्णाबाई लई चांगल्या हायेत, पण त्या उघडतेत. तुमच्यापाशीच असू द्या. रविवारी घेऊन या, मी येऊन बघते." (मनाला लावून घेऊ नको, लेकरू आहे.) तेव्हा चिठ्ठी पाठवत नाही. शितं पुन्हा लावली आहेत. आणि तू यायची घाई करू नको. गुडघ्याचं काम नाजूक असतं, डॉक्टरनं बरं म्हटलं तरी अजून महिनाभर तिथंच राहा.