बटणांना मी हात लावलेला नाही

प्रिय मावशी,

नमस्कार. (वाकून, असं समज. ऑफिसात नवी खुर्ची मिळाल्यापासून कंबर बरी आहे, त्यामुळे भेटल्यावर खरोखरच वाकता येईल.) काकांचा गुडघा आणि तुझ्या शिलाई मशीनचं पायडल, या दोघांत सध्या जास्त कोण कुरकुरतं ते कळव. तेल नक्की कोणाला घातलंस हे मागच्या पत्रावरून मला उमगलं नाही.

तू दोन प्रश्न विचारले होतेस : नोकरी पक्की झाली का, आणि कोणी आहे का. दुसऱ्याचं उत्तर मी लगेच 'नाही' असं कळवलं होतं. त्यावर तुला पुढचं काही विचारता आलं नाही, हे मला सोयीचं झालं. पहिल्याचं उत्तर एका शब्दात देता येणार नाही, कारण मध्ये कॉफी सांडली.

आमचं ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. कॉफीची मशीन दुसरे लोक बनवतात. तिच्या आत जो छोटा कॉम्प्युटर असतो त्याची प्रणाली आम्ही तयार करून देतो. प्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. (फौजेशी संबंध नाही, हे काकांना आधीच सांगून ठेव.) हा कर्नल जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला आहे आणि त्यात झाडून सगळ्या यंत्रांची सोय आहे. तुझ्याकडे खाकी कागदावर शर्टाचा तो एकच नमुना आहे ना, ज्यावर खिसा, कॉलर, आखूड बाही, लांब बाही सगळंच आखलेलं आहे आणि गिऱ्हाईक सांगेल तेवढंच तू कापतेस? तसंच हे. बांधणीच्या आधी कर्नल एकेक प्रश्न विचारत जातो, हे हवं का, ते हवं का. 'हो' म्हटलं की ते आत शिवलं जातं. 'नाही' म्हटलं की त्याचं कापडच कापलं जात नाही; म्हणजे ते आत कुठे झोपलेलं नसतं, ते नसतंच. शिवाय एक तिसरं उत्तर असतं, 'वेगळं ठेव'. तुझ्या रेनकोटाच्या टोपीसारखं : तयार करून बाजूला ठेवायचं, लागेल तेव्हा टिचबटणांनी जोडायचं, नको तेव्हा काढायचं. मला हे तिसरं उत्तर कधीच आवडलं नाही. ज्याला धड काही ठरवता येत नाही, तो ते देतो, असं माझं मत होतं.

आमचे साहेब प्रत्येक वाक्यात 'आटोपशीर' हा शब्द घालतात, म्हणून ऑफिसात त्यांचं नाव तेच पडलंय. ही मशीन विकत घेणाऱ्या कॉफीवाल्या कंपनीच्या खरेदीबाईंची अट होती की खटका दाबल्याबरोबर मशीन तयार पाहिजे, गिऱ्हाईक ताटकळता कामा नये. तेव्हा आटोपशीरांनी मला कर्नलची छाटणी करायला बसवलं. जमलं तर तू पक्की, नाहीतर बघू, म्हणाले. (माझ्या आधीच्या मुलीलाही ते 'बघू' म्हणाले होते. तिच्या खणात मला फक्त एक हेअरपिन सापडली.) तर मी बसले. प्रिंटर? नाही. माउस? नाही. व्हिडिओ गेम खेळायची कांडी? नाही. हौशी लोकांचा रेडिओ? नाही. कीबोर्ड? कॉफीच्या मशीनवर बसून निबंध कोण लिहिणार? नाही. मावशी, नाही म्हणण्यात मला गती आहे हे तुझ्या बहिणीने तुला सांगितलेलंच असेल. कर्नल इतका सडपातळ झाला की मशीन डोळ्याचं पातं लवायच्या आत सुरू व्हायला लागली. बांधताना एकही तक्रार आली नाही. (नंतर लक्षात आलं, जे आत नाहीच ते तक्रार कशी करणार?)

आमच्याकडे एक चाचणीवाला आहे. बनलेली प्रत्येक वस्तू दाबून, हलवून, प्रसंगी उलटी करून पाहणं हे त्याचं काम. खरेदीबाई मशीन बघायला येणार होत्या त्या सकाळी त्याचं टेबल पाहुण्यांसाठी आवरायला घेतलं होतं, तरी तो येऊन विचारून गेला, "एकदा बटणं दाबून बघू का?" मी मान वर न करता म्हटलं, "बटणांना मी हातच लावलेला नाही." हे वाक्य अक्षरशः खरं होतं. आमच्या धंद्यात अक्षरशः खऱ्या वाक्यांनीच सगळे घोळ होतात.

खरेदीबाई आल्या. आटोपशीरांनी खटका दाबला, पडदा लख्ख उजळला, बाईंची भुवई पसंतीने वर गेली. मग त्यांनी कॉफीचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. साहेब म्हणाले, "नवीन आहे, जरा लाजतंय."

"लाजतंय की ऐकतच नाही?" बाई म्हणाल्या.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात 'बघू' होतं.

तेवढ्यात चाचणीवाला मशीनच्या मागे गेला, म्हणाला, "बाई, साखर किती?" आणि एक वायर घेऊन त्याने पंप थेट चालू केला. कॉफी आली. चांगली वाफाळती आली. फक्त थांबायचं कधी हे तिला कोणी सांगेना, कारण तेही काम बटणाचंच होतं. कप भरला, बशी भरली, टेबल भरलं, आणि बाईंच्या कागदांकडे निघालेला ओघ अडवायला त्याने मध्ये स्वतःची छाती घातली. (वायर ओढून काढणं जास्त सोपं होतं. हे मी त्याला नंतर सांगितलं. तो म्हणाला, सुचलं नाही.)

या गोंधळात मला कारण सापडलं. कर्नलच्या लेखी मशीनवरचं बटण म्हणजे एका कळीचा कीबोर्डच. बटणांचा भाग कीबोर्डाच्या पोटात येतो, आणि मी कीबोर्डाला नाही म्हटल्यावर बटणांविषयी त्याने मला विचारलंच नाही. बटणं जागेवर होती, तारा जागेवर होत्या. दाबलेलं ऐकायला आत कोणी नव्हतं. मी हे सगळ्यांसमोर सांगितलं, तो एक 'हो' दिला आणि कर्नल पुन्हा बांधायला घेतला. तोवर बाईंनी कपात उरलेली कॉफी पिऊन टाकली. मग त्यांनी प्रत्येक बटण दाबून पाहिलं, गरम पाण्याचं दोनदा, आणि म्हणाल्या, "चूक कुठे आहे हे माझ्यासमोर सांगणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं. मशीन घेते, पण हिला कामावर ठेवा." आटोपशीर म्हणाले, ठेवलेलीच आहे. तेव्हा मी पक्की झाले. शेजारच्यांना सांगताना कॉफी वगळलीस तरी चालेल.

काकांना नमस्कार. पायडलाला तेल.

तुझी,
भाची

ता. क. सोबतच्या पार्सलमध्ये एक पुरुषाचा शर्ट आहे. त्याच्या मापाने तसाच नवीन शिवशील का? माझ्या छाटणीपायी त्याचं नुकसान झालं, तेव्हा हा निव्वळ भरपाईचा व्यवहार आहे. डाग मी घरी आणून धुवून पाहिला, जात नाही. खिसा हवा, तो पेन ठेवतो. निळा रंग चालेल. म्हणजे, निळाच.

ता. क. २. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात दुरुस्ती. मागचं 'नाही' तेव्हा बरोबर होतं. आता तिथे तिसरं उत्तर लिही. आईला इतक्यात कळवू नकोस. 'नाही'मुळे जे प्रश्न तुला विचारताच आले नव्हते, ते आता विचारता येतील, पण एका पत्रात एकच.

ता. क. ३. 'वेगळं ठेव' म्हटलेला भाग हवा तेव्हा काढता येतो, असं मी वर लिहिलं आहे. ते अपुरं आहे. वापरात असलेला भाग काढायला गेलं तर कर्नल नकार देतो. शर्ट लवकर शिव.