टोपी विका, तेल विकू नका

मंगळवार, १४ नोव्हेंबर

चि. भुंगी हिस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझी दोन्ही पत्रं पोचली. लिहायला बसायचो आणि उठायचो. तुझी आई म्हणते, "शाळा सहावीत सोडली, पण उशीर करण्यात पदवी मिळवली यांनी." आम्ही बरे आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, आणि मीही. तू वेळेवर जेवतेस ना? डोळे तपासून घेतलेस का? सतत स्क्रीनसमोर बसून कुणाला काय काय झालं ते ऐकतो आणि जीव टांगणीला लागतो.

तुला पुढच्या आठवड्यात साहेबांसमोर बोलायचं आहे. तुमच्या कंपनीचा दीपगृहाचा कॉम्प्युटरवरचा खेळ आहे तसाच, पैसे मोजणाऱ्यालाच उघडेल असं कुलूप लावून विकावा, की सगळ्यांना फुकट देऊन आत दुकान मांडावं? "खेळणाऱ्यांना काय वाटतं ते खरं सांगा, बाबा," असं लिहिलंस. तर बाई, एवढ्या एका विषयात मी घाबरत नाही. दिवा विझू न देता तुझी सगळी वादळं काढली आहेत मी. आमच्या इमारतीत आता तिघं खेळतो. रविवारी बाकी दोघांना चहाला बोलावून विचारलं.

खालचा बस ड्रायव्हर म्हणाला, "काका, फुकटाचं नाव काढू नका. मी खेळलोय तसला एक. भीक नको पण कुत्रं आवर! जहाज भर समुद्रात थांबतं आणि म्हणतं, आठ तास थांब, नाहीतर पैसे भर. मी काय प्रवासी आहे थांबायला?"

वरच्या मजल्यावरची नर्स उखडली. "पगार येतो म्हणून बोलता. मी शिकत होते तेव्हा फुकटचेच खेळ खेळले. जहाजाच्या कप्तानाला टोप्या विका, झगे विका, ज्याला मिरवायचंय तो घेईल. पण दिव्याचं तेल विकलंत तर याद राखा! ज्याचा खिसा मोठा त्याचा दिवा मोठा, मग खेळायचं कशाला?"

मला पटलं. टोपी विकावी, तेल विकू नये. साहेबांना अस्संच सांग.

कुलपाबद्दल मात्र तिघांचं एकमत. चोर सोडून संन्याशाला फाशी आहे ती. चोरणारे कुलूप तोडलेली प्रत मिळवतात आणि आरामात खेळतात. पैसे मोजलेला माणूस रोज दारात उभा राहून ओळख पटवतो. इंटरनेट गेलं की त्याचा दिवा गेला.

बाबांना हे कसं ठाऊक, असं तू विचारशीलच. लिहिणार नव्हतो, पण लिहितो.

उन्हाळ्यात माझा कॉम्प्युटर बिघडला. दुरुस्तीवाल्याने आतला मुख्य भाग बदलून दिला. घरी आणून तू भेट दिलेला खेळ उघडला, तर पाटी आली : 'तुम्हाला ओळखता आलं नाही. प्रवेश बंद.' आदल्याच दिवशी आपलं फोनवर वाजलं होतं. नोकरी सोडून परत ये म्हणून मी हट्ट धरला आणि तू फोन ठेवलास. मला वाटलं, हे तूच केलंस. तिथे बसून, बटण दाबून. पोरीने बापाला ओळख दाखवली नाही.

हसू नकोस. तुमच्याकडे काय काय करता येतं, मला काय कळतं? आईला सांगितलं, खेळाचा कंटाळा आला. तुझा फोन वाजला की मी चपला घालून बाहेर. पण खेळ काही सुटेना. शेवटी ड्रायव्हरकडून कुलूप तोडलेली प्रत घेतली आणि दार लावून खेळत बसलो. स्वतःच्या मुलीच्या घरात मागच्या दाराने शिरल्यासारखा.

मग तुझं दुसरं पत्र आलं. दार लावणारीच विचारते, आत कसं वाटतं! मी पुरता चक्रावलो. रविवारी चहा पिता पिता तोंडून निघून गेलं, "मला तर माझ्या मुलीनेच बाहेर काढलंय." नर्सने सगळं विचारून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अहो काका, ते कुलूप तुम्हाला नाही, कॉम्प्युटरला ओळखतं! भाग बदलला की त्याला वाटतं दुसऱ्याचंच घर. माझंही झालं होतं." ड्रायव्हरला हसून हसून ठसका लागला. मला हसू आलं नाही. मी आत जाऊन तोंड धुऊन आलो.

हे साहेबांना सांगायचं तर खुशाल सांग. फक्त चोराची मुलगी म्हणून तुला काढणार नाहीत ना, ते आधी बघ.

परत ये, असं यापुढे म्हणणार नाही. तुझं काम चांगलं आहे. वादळात ते लांबचं जहाज आपला दिवा बघून वळतं ना, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. खोटं नाही सांगत.

साहेब काय म्हणाले ते लगेच कळव, दोनच ओळी लिहिल्यास तरी चालेल. नाहीतर फोन कर. आता तो मीच उचलेन. पण लवकर कर गं.

वाट बघणारे,
तुझे बाबा